दुर्खीम, मार्क्स, वेबर: वाचायचे कसे आणि रोजच्या प्रसंगांवर तपासायचे कसे

अभिजात समाजशास्त्रीय सिद्धांताचा अभ्यास बहुतेकांचा एका तक्त्यापाशी थांबतो: मार्क्स म्हणजे संघर्ष, दुर्खीम म्हणजे एकात्मता, वेबर म्हणजे अर्थपूर्ण कृती. परीक्षेपुरता तक्ता चालतो, पण त्यातून समोरचा एकही प्रसंग उलगडत नाही. सिद्धांत कळला की नाही, याची आम्ही एकच कसोटी मानतो. त्याच्या आधारे एखाद्या साध्या प्रसंगाबद्दल असं विधान करता यायला हवं, जे तपासल्यावर खोटंही ठरू शकेल. तशी शक्यताच नसेल, तर आपण प्रसंगावर नुसती संज्ञा चिकटवलेली असते.

सुरुवात दुर्खीमपासून करावी. त्याची मांडणी सरळ आहे आणि तो आपली पद्धत उघड करून दाखवतो. ‘समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम’ (1895) मधलं पहिलं प्रकरण छोटं आहे. ते एकदा सलग वाचावं आणि दुसऱ्या वाचनात पेन्सिल हातात घ्यावी. सामाजिक तथ्याच्या, म्हणजे रूढी, नियम अशा समाजाने घडवलेल्या वागण्या-विचारांच्या रीतींच्या, दोन खुणा तो देतो: ते व्यक्तीच्या बाहेर असतं आणि तिच्यावर दाब आणतं. हा दाब एरवी जाणवत नाही, विरुद्ध गेलं की जाणवतो. म्हणून निरीक्षण करताना नियम मोडला गेल्याचा क्षण शोधावा. रांगेत कुणी मध्ये घुसलं की कोण बोलतं, कोण नुसतं बघतं, घुसणारा काय कारण सांगतो, हे लिहून काढावं. त्याला कारण सांगावंसं वाटलं, म्हणजे नियम मोडतानाही त्याने तो मान्य केलेला आहे.

त्यानंतर ‘आत्महत्या’ (1897) घ्यावं, पण सगळं नाही. प्रस्तावना आणि दुसऱ्या भागातली अहंवादी (समूहाशी नातं सैल झाल्याने होणाऱ्या) व प्रमाणकशून्यतेतून (समाजाच्या नियमांची चौकट ढासळल्याने) होणाऱ्या आत्महत्येवरची प्रकरणं आधी पुरेशी आहेत. आर्थिक संकटात आत्महत्या वाढतात त्या गरिबीमुळे नव्हे, असं तो म्हणतो. अचानक आलेल्या भरभराटीतही त्या वाढतात, कारण दोन्ही वेळी अपेक्षांना लगाम घालणारी चौकट ढासळते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे हे स्पष्टीकरण एका व्यक्तीला लावणं. दुर्खीम दरांबद्दल बोलतो. एखाद्या समूहातला दर वर्षानुवर्षं जवळपास स्थिर का राहतो, हा त्याचा प्रश्न आहे. अमुक माणसाने असं का केलं, याचं उत्तर त्यात शोधू नये.

मार्क्सकडे वळताना ‘भांडवल’चा पहिला खंड (1867) पहिल्या पानापासून धरला की वाचक क्रयवस्तूच्या (विकण्यासाठी बनवलेल्या वस्तूच्या) प्रकरणातच अडकतो. खुद्द मार्क्सने त्याच वर्षी कुगेलमान या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याच्या पत्नीसाठी सोपी वाट सुचवली होती: कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभाजन व यंत्रं, आणि आदिम संचय (सुरुवातीचं भांडवल कसं जमा झालं) ही प्रकरणं. आजही तीच वाट धरावी. त्याआधी 1844च्या हस्तलिखितांमधला परात्म, म्हणजे कामगाराला परक्या झालेल्या, श्रमावरचा उतारा वाचावा. ही हस्तलिखितं पूर्णपणे छापली गेली 1932 साली, म्हणजे दुर्खीम आणि वेबर यांच्या डोळ्यांखालून ती कधी गेलीच नाहीत. तिघांना एकाच वादात उभं करताना हे लक्षात ठेवावं.

परात्मता चार बाजूंनी येते: श्रमाच्या फळापासून, श्रमाच्या कृतीपासून, माणूस म्हणून असलेल्या आपल्या सर्जनक्षमतेपासून आणि इतर माणसांपासून. कोणतंही एक काम घेऊन चारही बाजू वेगवेगळ्या तपासाव्यात. तयार झालेली वस्तू कोणाची? कामाचा वेग आणि पद्धत कोण ठरवतं? काम आपल्या क्षमतांना वाव देतं की फक्त पोट भरण्याचं साधन उरतं? सहकारी सोबती असतात की स्पर्धक? कंटाळा आला म्हणजे परात्मता, हे समीकरण मात्र चुकीचं आहे. मार्क्स संबंधांबद्दल बोलतो, मनःस्थितीबद्दल नाही. नोकरीवर मनापासून खूश असलेला माणूसही परात्म असू शकतो, आणि स्वतःसाठी केलेलं कंटाळवाणं काम परात्म नसू शकतं.

वेबरला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण रोजच्या व्यवहारात तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. ‘प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची प्रवृत्ती’ (1904–05) हाती घेतलं, तर शेवटची काही पानं गाळू नयेत. भौतिकवादी एकांगी स्पष्टीकरणाच्या जागी तितकंच एकांगी आध्यात्मिक स्पष्टीकरण बसवायचं नाही, असं तो तिथे स्पष्ट सांगतो. ‘धर्मामुळे भांडवलशाही आली’ असं लिहिणाऱ्याने ती पानं वाचलेली नसतात.

आता सरावाला एक प्रसंग घेऊ. कार्यालयात अर्ज दिला, एक रकाना रिकामा होता म्हणून तो परत आला. वेबरने अधिसत्तेचे (लोक योग्य मानून पाळतात त्या सत्तेचे) तीन आदर्श प्ररूप, म्हणजे विचारासाठी रेखीव केलेले नमुने, मांडले: परंपरागत, दिव्यवलयी (नेत्याच्या असामान्य व्यक्तिमत्त्वावर आधारलेली) आणि वैधानिक-तार्किक (लेखी नियमांवर आधारलेली). प्ररूप हे मोजपट्टीसारखे वापरायचे असतात, वास्तव त्यापासून किती सरकलं ते पाहण्यासाठी. पहिलं विधान असं करता येईल: इथे वैधानिक-तार्किक अधिसत्ता चालते, कर्मचारी नियमाला बांधील आहे. आता तपासा. वरिष्ठाने तोंडी सांगितलं की ‘घ्या हा अर्ज’, तर काय होतं? कर्मचारी लेखी आदेश किंवा नियमाचा आधार मागत असेल, तर विधान टिकलं. ‘साहेब म्हणाले’ एवढ्यावर अर्ज स्वीकारला गेला, तर तिथे व्यक्तिनिष्ठा काम करते आहे आणि विधान बदलावं लागेल. शिवाय कामातली दिरंगाई दिसली की ‘हीच वेबरची नोकरशाही’ असं म्हटलं जातं. वेबरच्या मते मात्र अचूकता, वेग आणि सातत्य यांत नोकरशाही इतर प्रशासनप्रकारांपेक्षा सरस आहे. दिरंगाईचं कारण त्यामुळे वेगळं शोधावं लागतं, आणि खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेल या तिघांमागे झाकला जातो, हे खटकतं. दोघांच्या गटात तिसरा आला की काय बदलतं, यावरचं त्याचं विवेचन (1908) कोणत्याही घरात, वर्गात, कचेरीत लगेच तपासता येतं: तिसरा मध्यस्थ होतो, दोघांच्या भांडणाचा फायदा उठवतो, किंवा मुद्दाम फूट पाडतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइसचं फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांवरचं ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ (1899) घरोघरी जाऊन माहिती गोळा करून लिहिलेलं आहे. सिद्धांत आणि पाहणी एकत्र कशी चालतात, ते पाहण्यासाठी ते वाचायला हवं.

एका बैठकीला 10 ते 12 पानंच घ्यावीत. प्रत्येक संकल्पनेसाठी एक कार्ड करावं आणि त्यावर पाच ओळी लिहाव्यात: दावा काय, तो कोणाविरुद्ध मांडला, पुरावा कोणता, रोजचा एक प्रसंग, आणि संकल्पना जिथे अपुरी पडते अशी एक जागा. दुसरी ओळ कोरी राहिली, तर पाठ्यपुस्तकातली संबंधित दोन-तीन पानं वाचून ती भरावी. कंत्राटं आणि वैयक्तिक हितसंबंध यांवरच आधुनिक समाज उभा राहतो, या इंग्रज विचारवंत स्पेन्सरच्या मताला दुर्खीम ‘समाजातील श्रमविभाजन’मध्ये (1893) उत्तर देत होता. हे ठाऊक नसेल, तर कंत्राटाआधीच्या विश्वासाबद्दल तो इतकं का लिहितो ते कळत नाही. पाचवी ओळ सुचली नाही, तर मूळ उतारा पुन्हा वाचावा. टीकाकारांची पुस्तकं त्यानंतर उघडावीत.