जोत्याचा भराव चोपण्याआधी

पलूस, वाळवा, मिरज, कुठल्याही कृष्णाकाठच्या काळ्या रानात घर बांधा, वर्षा-दोन वर्षांत फरशी खचली की पहिला दोष भराव चोपणाऱ्या मशीनवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा फरशीखालच्या, जोत्यातल्या भरावात सापडतं: काय टाकलं, किती जाड टाकलं, ओल किती होती. म्हणून मशीन सांगण्याच्या आधी माती बघा.

पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती समोरच पडलेली असते आणि ती जोत्यात परत ढकलायचा मोह होतो. ढकलू नका. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि कितीही चोपली तरी तिचा हा गुण जात नाही. ती रानात पसरा. भरावाला माळाचा मुरूम आणा, पण गाडी रिकामी होण्याआधी त्यात हात घालून बघा. गवताची मुळं, प्लॅस्टिक, लाकडाचे तुकडे नकोत. मुठीपेक्षा मोठे दगड बाजूला काढा, कारण मोठ्या दगडाच्या बगलेतली माती कधीच नीट चोपली जात नाही.

मुरूम सांगताना हिशोब चोपलेल्या भरावाचा धरा. वीस बाय तीस फुटांचं जोतं आणि दोन फूट भराव म्हणजे १२०० घनफूट, म्हणजेच १२ ब्रास. पण गाडीतला मुरूम सैल असतो, तेव्हा १५ ब्रास तरी सांगावा लागतो. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाकडे वळतात. मुरूम त्याआधीच आणून टाकलेला बरा.

आता थर. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं किंवा बिघडतं. दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून मशीन फिरवलं तर वरचा अर्धा फूट कडक होतो आणि खालचा दीड फूट जसाच्या तसा सैल राहतो. जोत्याच्या आतल्या बाजूनं चारही भिंतींवर दर पाच इंचांवर दोरीनं रेघा मारून घ्या. सैल मुरूम रेघेच्या इंचभर वर पसरायचा, चोपल्यावर तो रेघेवर उतरला पाहिजे. नुसत्या हाताच्या धुम्मसनं, म्हणजे दांडा लावलेल्या जड ठोकळ्यानं, काम करणार असाल तर सैल थर चार इंचांचाच ठेवा.

ओलीचं शास्त्र अमेरिकेतल्या आर. आर. प्रॉक्टर या इंजिनिअरनं १९३३ साली मांडलं. कोरडे कण एकमेकांना अडून राहतात. थोडं पाणी मिळालं की ते घसरून जवळ येतात. पाणी जास्त झालं तर पोकळीत पाणीच भरून राहतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. साइटवर बघायचं असेल तर मुरूम मुठीत घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका. दोन-चार तुकडे झाले तर ओल बरोबर, भुगा झाला तर पाणी हवं, नुसता चपटा झाला तर वाळू द्या. पाणी आदल्या संध्याकाळी ढिगावर मारा आणि सकाळी फावड्यानं ढीग वर-खाली करून घ्या, म्हणजे ओल सारखी होते. जोत्यात पाणी सोडून भराव बसवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. स्वच्छ वाळूला ती चालते. माती असलेल्या मुरमाचा त्यानं चिखल होतो, वर साय धरल्यासारखा गुळगुळीत थर येतो आणि खाली पोकळी तशीच राहते.

मशीन मातीप्रमाणे निवडा. मुरूम, कच (दगडाचा बारीक चुरा), खडी असेल तर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे सपाट पत्र्यानं हादरे देणारं मशीन. चिकट माती किंवा अरुंद चर असेल तर उड्या मारणारा रॅमर. भिंतीलगत आणि कोपऱ्यात हाताची धुम्मसच लागते, ती आधीच जवळ ठेवा. भाड्याचं मशीन दुकानातच चालू करून घ्या. ऑईलची पातळी, एअर फिल्टर, प्लेटचे किंवा रॅमरच्या बुटाचे बोल्ट बघा. इंजिन टू-स्ट्रोक आहे का तेही विचारा, कारण मग पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागतं. कोणतंही मशीन काँक्रीटवर चालवून बघू नका.

भिंतीचं बांधकाम ताजं असताना तिच्याशी भराव चोपू नका. जोत्याच्या बांधकामाला निदान सात दिवस पाणी मारून झालेलं असू द्या. मधली भिंत असेल तर दोन्ही बाजूंनी बरोबरीनं भरा, नाहीतर ती एका अंगाला ढकलली जाते. ड्रेनेजच्या पाईपवर फूटभर बारीक मुरूम हातानं चोपून झाल्याशिवाय मशीन नेऊ नका. गावठाणात शेजाऱ्याची दगड-मातीची जुनी भिंत चिकटून असेल तर त्यांना आधी सांगा आणि त्या कडेला मशीन न लावता धुम्मसनंच काम करा.

मशीन धरणाऱ्याला चपलेवर उभं करू नका. टणक टोकाचे बूट, हातमोजे आणि कानात बोळे पाहिजेतच. हादऱ्यानं हात बधिर होतात, म्हणून आलटून-पालटून चालवायला दोन माणसं ठेवा. खोल चरात पेट्रोल इंजिनाचा धूर साचतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा तिथं मशीन उतरवूच नका. चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय माणूसही खाली जाता कामा नये.

वाळवीचं औषध मारायचं असेल तर मारणाऱ्याला शेवटचा थर चोपून झाल्यावर, सोलिंगच्या (फरशीखाली दगड रचण्याच्या) आधी बोलवा. वर मोठं वजन येणार असेल तर मुरमाचा नमुना आधीच सांगलीत विश्रामबागेतल्या वालचंदसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजात नेऊन प्रॉक्टर चाचणीची, म्हणजे किती ओलीला तो सर्वांत घट्ट बसतो हे बघण्याच्या चाचणीची, चौकशी करा. साध्या घराला बारा एमएमची एक सळई हाताशी असू द्या. प्रत्येक थर झाला की ती कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला आणि मध्यावर दाबून बघा. जिथं सहज आत जाईल तिथला थर उकरा, ओल तपासा, पुन्हा चोपा आणि मगच पुढचा मुरूम पसरू द्या.