तांबी बसवताना या चुका टाळा, पोरींनो

सातारा जिल्ह्यात आधी उपकेंद्रात आणि मग ग्रामीण रुग्णालयात तांबी, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात ठेवायची कॉपर-टी, बसवण्यात माझी उभी नोकरी गेली. आता नव्या सिस्टरना शिकवते. पोरी दरवर्षी नव्या येतात, चुका मात्र त्याच. म्हणून एकदा लिहूनच काढते.

आधी हातात काय धरलंय ते नीट बघा. कॉपर-टी 380ए म्हणजे 32 मिमी रुंद, 36 मिमी उंच पॉलिथिलीनचा टी. एक्सरेत दिसावा म्हणून प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं, उभ्या दांड्यावर तांब्याची तार, दोन्ही हातांवर तांब्याच्या बारीक नळ्या, आणि दांड्याचं खालचं टोक रुतू नये म्हणून तिथे 3 मिमीचा गोळा. 380 हे मिलिग्रॅम नाहीत, तांब्याचा पृष्ठभाग तेवढे चौरस मिमी आहे. परीक्षेत निम्म्या जणी इथेच चुकतात.

टी आधीच ट्यूबमध्ये भरून ठेवणं

ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं. नियम साधा आहे, टीचे हात दुमडून ती बसवायच्या ट्यूबमध्ये घातल्यावर 5 मिनिटांच्या आत बसवायची. का, हे कुणी विचारत नाही.

पाटणच्या बाजूला होते तेव्हाची गोष्ट. ऑगस्टचा पाऊस, कोयना खोऱ्यातून एक ताई सासूबाईंना घेऊन दोन एसट्या बदलून आलेली. माझ्या हाताखाली नवीन पोर होती, हुशार, पण सगळं आधीच तयार करून ठेवायची घाई फार. तिने आतली तपासणी व्हायच्या आधीच पाकिटातल्या पाकिटात टी भरून ठेवला, आणि तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर चालेना, टॉर्च शोधा, त्या ताईला बीपी वाटायला लागलं, तिला पाणी द्या, सासूबाईंना समजवा, या सगळ्यात वीसेक मिनिटं गेली. लाईट आल्यावर पोर म्हणाली, "सिस्टर, भरलेलीच आहे, घेऊ का?" मी म्हटलं थांब, आधी ती ट्रेमध्ये सोडून दाखव. तिने सोडली. एक हात अर्धा वर आला आणि दुसरा तर दांड्यालाच चिकटल्यासारखा, काडी मोडलेली छत्री असते ना तशी. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो, हात काही सरळ होईनात. प्लास्टिकला घातलेली घडी त्याच्या लक्षात राहते गं, जास्त वेळ दाबून ठेवलं की ते लगेच मूळ आकारात येत नाही. आत हात उघडले नाहीत तर टी जागेवर राहणार कशी? घसरून बाहेर येणार, आणि ती बाई आपल्याला तांबी आहे याच भरवशावर घरी राहणार.

त्या दिवशी नवीन पाकीट फोडलं. तेव्हापासून माझी सवय अशी की तपासणी झाली, साउंड म्हणजे मापाची सळई घालून गर्भाशयाची खोली मोजली, ट्यूबवरचा निळा गेज त्या मापावर आणला, मगच टीला हात लावायचा. पाकीट वाया गेलं तर जाऊ दे.

रॉड ढकलणं

इंजेक्शनची सवय असते म्हणून पोरी ट्यूबमधला पांढरा रॉड सिरिंजच्या दट्ट्यासारखा पुढे दाबतात. अगं, तो ढकलायला नाहीये! रॉड जागेवर धरायचा आणि ट्यूब मागे ओढायची. ट्यूब मागे आली की हात आपोआप उघडतात, टी ढकलली जातच नाही. रॉड दाबलात तर टी गर्भाशयाच्या भिंतीत घुसवताय, भोक पडायचा धोका तिथेच आहे. मी अजूनही मनात "रॉड थांब, ट्यूब ये" म्हणते. आणि मॉडेलवर दहा वेळा केल्याशिवाय मी कुणाला पेशंटजवळ उभं करत नाही, कितीही रुसू दे. "व्हिडिओ बघितलाय" हे कारण मला सांगायचं नाही.

काळी पडली म्हणून परत पाठवणं

एका उपकेंद्रातून अख्खा बॉक्स परत आलेला, वर चिठ्ठी, "माल खराब". माल चांगला होता. देवघरातला तांब्याचा तांब्या काळा पडतो तसंच आहे हे, हवेने तांब्यावर काळा थर बसतो. पाकीट फुटलेलं नसेल आणि तारीख उलटली नसेल तर बिनधास्त वापरा. आणि पाकिटावरची तारीख निर्जंतुकपणाची आहे, कामाची नाही. तारीख संपायच्या आदल्या दिवशी बसवली तरी पुढची 10 वर्षं ती चालते. कार्डावर भलतंच लिहून बायकांना दोन वर्षांत काढायला बोलावू नका.

"तांबी छातीत जाते" असं कुणी म्हणालं तर हसू नका, चित्र काढून दाखवा.

तांबीशिवाय दुसऱ्या साधनांच्याही दोन गोष्टी सांगते. अंतराचं, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून द्यायचं, इंजेक्शन दिल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची पण नाही. औषधाचे बारीक कण तिथे साठून तीन महिने हळूहळू सुटायचे असतात. द्यायच्या आधी बाटली मात्र नीट हलवा.

निरोधला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं नाही हे नवऱ्यालाही सांगा, तेलाने रबर फुगून कमजोर होतं.

दोरा

टीच्या खालच्या टोकाला असतो त्या दोऱ्याला कुणी मान देत नाही. अमेरिकेत 1970च्या दशकात डाल्कन शील्ड नावाची तांबीसारखीच वस्तू होती, तिचा दोरा म्हणजे खूप बारीक तंतूंचा जुडगा, वरून वेष्टण. समईची वात तेल ओढते तसे त्या दोऱ्यातून जंतू वर चढले, बायकांना भयंकर इन्फेक्शन झाली, काहींचा जीव गेला, आणि 1974 मध्ये तिची विक्री थांबली. आपल्या टीचा दोरा एकसंध तंतूचा आहे तो म्हणूनच, मासे धरायच्या तंगुसासारखा.

आणि असा दोरा आखूड कापला की ताठ राहतो, नवऱ्याला टोचतो. मग तक्रार आली की पोरी अजून आखूड कापतात! उलटं करा, पहिल्यांदाच गर्भाशयाच्या तोंडाबाहेर 3 सेमी ठेवा, तो मऊ पडून तिथेच वळतो. कापण्याआधी ट्यूब थोडी बाहेर आलीय ना, दोरा मोकळा आहे ना हे बघा, नाहीतर कात्रीबरोबर अख्खी टी खाली ओढली जाते. आणि कापलेला तुकडा त्या बाईच्या बोटांत द्या, दोरा कसा लागतो ते तिला घरी जाऊन कळलं पाहिजे.