दीर्घिका-संशोधकाची सायटेशन्स कशी वाचावीत

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना किंवा पोस्टडॉकच्या अर्जाला स्वतःची प्रकाशनसूची जोडताना सायटेशनच्या, म्हणजे इतर निबंधांनी केलेल्या उल्लेखांच्या, आकड्यांशी गाठ पडतेच. दीर्घिकांच्या अभ्यासात हे आकडे जरा जास्तच चकवतात, कारण तिघाचौघांचा निबंध आणि शेकडो जणांच्या सर्वेक्षणाचा निबंध एकाच यादीत शेजारी बसतात.

आकडे काढावेत ते नासाच्या अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टममधून, म्हणजे एडीएस या खगोलशास्त्रीय निबंधांच्या सूचीतून. गूगल स्कॉलर प्रबंध आणि इतर फुटकळ दस्तऐवजही धरतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा फुगलेला असतो. दोन व्यक्तींची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे हवेत.

पहिली अडचण नावाची. आडनाव आणि आद्याक्षर टाकलं की त्याच नावाचे चार लोक मिसळतात. ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या १६ अंकी ओळखक्रमांकावरून शोधता येतं, पण त्यात संशोधकाने स्वतः किंवा प्रकाशकाने त्या क्रमांकाला जोडलेले निबंधच येतात. कित्येकांची ती यादी अर्धवट असते. म्हणून नावाने शोधा, परके निबंध हाताने गाळा, उरलेल्यांची एडीएसमध्ये लायब्ररी (साठवलेली यादी) बनवा आणि मेट्रिक्स, म्हणजे सायटेशनची आकडेमोड, त्या लायब्ररीवर चालवा. मग डावीकडचा ‘रेफरीड’ फिल्टर लावा. दुर्बिणीच्या वेळेसाठीचे प्रस्ताव आणि परिषदांचे सारांशही एडीएसमध्ये नोंदले जातात, त्यामुळे दीडशे नोंदींमधले प्रत्यक्ष समीक्षित निबंध चाळीसच निघाले तर दचकू नका.

एच-इंडेक्स हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला: किमान एच सायटेशन्स असलेले एच निबंध असतील, तर त्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणजे एच. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा: ९०, ४०, २२, १५, ११, ९, ८, ७, ६. सातव्याला ८ आहेत, आठव्याला मात्र ७ च. म्हणून एच ७. ९० चे ९०० झाले तरी एच ७ च राहतो. शिवाय तो कधी घटत नाही, म्हणजे ज्येष्ठतेचा फायदा त्यात आपोआप मिसळलेला असतो. पहिल्या निबंधापासूनच्या वर्षांनी भागलं की एम-इंडेक्स मिळतो, पण त्याला बाळंतपणाची रजा किंवा नोकरीतला खंड कळत नाही.

दीर्घिकांच्या क्षेत्रात खरा घोळ सर्वेक्षणांचा. एसडीएसएस (स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे) सारख्या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाच्या डेटा-रिलीज निबंधावर शेकडो नावं, तीही बहुतेक आडनावांच्या वर्णक्रमाने. उपकरण किंवा सॉफ्टवेअर घडवण्यात वर्षं घातलेल्यांचा त्यावर न्याय्य हक्क असतो; फक्त त्या आकड्यावरून एकाचं काम मोजता येत नाही. एडीएसचं ‘नॉर्मलाइज्ड सायटेशन’ लेखकसंख्येने भागतं: ३०० लेखकांच्या निबंधाला ६०० सायटेशन्स म्हणजे वाट्याला २, चौघांच्या निबंधाला ४० म्हणजे १०. शोधचौकटीत आडनावाआधी ^ हे चिन्ह टाकलं की पहिला लेखक म्हणून लिहिलेले निबंधच दिसतात. नवख्याने आधी हीच यादी वाचावी. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र ती अपुरी ठरते, कारण त्यांचं काम विद्यार्थ्यांच्या नावामागे दुसऱ्या-तिसऱ्या जागी असतं.

निबंध कशासाठी उद्धृत होतो, हा प्रश्न किती वेळा होतो याच्या आधीचा. श्लेगेल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांचा १९९८ चा धुळीचा नकाशा आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा आहे, तरी दूरच्या दीर्घिकांवरचे असंख्य निबंध तो उद्धृत करतात, कारण दीर्घिकेची तेजस्विता काढण्याआधी वाटेतल्या धुळीची दुरुस्ती करावी लागते. ब्रुझुअल आणि शार्लो यांची २००३ ची, दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाची मॉडेल्सही अशीच हत्यारं म्हणून वापरली जातात. नकाशा, कॅटलॉग, कोड यांना सायटेशन्स वर्षानुवर्षं मिळत राहतात; एखाद्या दीर्घिकेच्या निरीक्षणाचा निबंध सहसा काही वर्षांत मंदावतो. उपयोग वेगळा, निष्कर्षाचं वजन वेगळं. दहा उद्धृत करणारे निबंध उघडून ते वाक्य वाचलं की कळतं: प्रस्तावनेतल्या सात नावांच्या रांगेत आहे, की पद्धतीच्या विभागात त्यावर गणित उभं आहे? हे काम कंटाळवाणं आहे, पण कुठल्याही इंडेक्सपेक्षा जास्त सांगतं.

स्व-सायटेशनचा, म्हणजे लेखकाने आपल्याच निबंधांना केलेल्या उद्धरणांचा, आकडाही जपून वाचा. एडीएस त्यात निवडलेल्या यादीतल्याच निबंधांनी केलेली उद्धरणं मोजतं. सहलेखकाने स्वतंत्र निबंधात केलेलं उद्धरण त्यात येत नाही.

आता स्वतःच्या निबंधांबद्दल. अर्काइव्ह (arXiv) या छपाईआधीच्या निबंधांच्या संग्रहावरची प्रत आणि नियतकालिकातली आवृत्ती एडीएस सहसा जोडून घेतं. शीर्षक किंवा लेखकक्रम बराच बदलला तर कधी दोन नोंदी राहतात आणि सायटेशन्स विभागली जातात. तेव्हा एडीएसच्या दुरुस्ती-अर्जात दोन्ही बिबकोड लिहून कळवा. बिबकोड १९ अक्षरांचा असतो: वर्ष, नियतकालिक, खंड, पान आणि पहिल्या लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर. दुसऱ्याचा निबंध अजून छापून आला नसेल तर संदर्भात नुसतं ‘सादर केलेला’ लिहू नका, अर्काइव्ह क्रमांक द्या. नाहीतर ते उद्धरण कुणाच्याच खात्यात जमा होण्याची खात्री नसते. आणि संदर्भ हाताने टंकण्यापेक्षा एडीएसमधून बिबटेक्स, म्हणजे तयार संदर्भनोंद, उतरवून घ्या, कारण खंडाचा एक अंक चुकला तरी दुवा तुटू शकतो.