जोडीच्या फोटोत एकच चेहरा शार्प यायचा

एकट्या माणसाची पोर्ट्रेट मला बऱ्यापैकी जमायला लागली होती. जोडीचे फोटो मात्र घरी येऊन मोठे करून पाहिले की मन खट्टू व्हायचं. तिची पापणी न् पापणी मोजता यावी अशी, आणि अर्धं पाऊल मागे उभ्या असलेल्या त्याचे डोळे पुसट. बरेच दिवस मी लेन्सलाच दोष देत राहिलो.

चूक अ‍ॅपर्चरची होती, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येतो त्या छिद्राच्या आकाराची. एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, एफ/१.८ आणि २ मीटर अंतर असेल, तर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग शार्प दिसतो तेवढं अंतर, जेमतेम ६ सेंटिमीटर मिळते. दोन डोकी त्यात मावणार कशी? एफ/४ वर ती साधारण १३ सेंटिमीटर होते. आता मी तिथूनच सुरुवात करतो. दोघांना कपाळाला कपाळ टेकवायला सांगतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो, म्हणजे दोघांचे डोळे सारख्याच अंतरावर येतात. शटरचा वेग शक्यतो १/२५० सेकंदाच्या खाली नेत नाही, म्हणजे हालचालीनं फोटो पुसट होत नाही.

अवघडलेपणाचं वेगळंच. ‘हसा’ म्हटलं की दोघं ताठ. परवा त्याला म्हटलं, तिच्या कानात काहीतरी सांगा. त्यानं सांगितलं, तिनं हसू दाबत त्याच्या खांद्यात तोंड लपवलं आणि त्याची बाही मुठीत घट्ट धरली. त्यांनी तोच फोटो निवडला.