पिकाच्या पाण्याचा रिपोर्ट आहे, प्यायच्या पाण्याचा कुठाय?

तासगाव-मिरजेकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला विहिरीच्या पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) किती, क्लोराइड किती, असं विचारा. तोंडपाठ सांगेल. त्याच विहिरीवरून वस्तीवरच्या घरात नळ गेलेला असतो, लेकरंबाळं तेच पाणी पितात, आणि ते पिण्याजोगं आहे का हे मात्र कुणी तपासलेलं नसतं. माती-पाणी परीक्षणाचा जो कागद आपण जपून ठेवतो तो पिकासाठी असतो. त्यात सामू (पीएच), ईसी, सोडियम, बायकार्बोनेट मिळेल. जिवाणूंचं नाव नाही आणि नायट्रेटचंही बहुधा नाही. ‘आमचं पाणी तपासलंय’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांकडे हाच कागद निघतो.

गावच्या सार्वजनिक विहिरीवर निदान कुणाची तरी नजर असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, पाण्यात क्लोरिन उतरलं का हे बघायला आरोग्यसेवक ओटी टेस्ट घेतो, एप्रिलात आणि ऑक्टोबरात स्रोतांची पाहणी होते आणि त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. मळ्यातली तुमची विहीर किंवा बोअर या हिशोबात येत नाही. तिथले जलसुरक्षक तुम्हीच.

मृगाच्या तोंडावर हे सांगायचं कारण असं, की उन्हाळाभर वर साचलेलं सगळं पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत खाली उतरतं. गोठ्याचं मूत, उकिरड्याचा निचरा, सरीत उरलेलं खत. सातारा-सांगलीत वर काळी माती, तीही उन्हानं भेगाळलेली. खाली मुरूम आणि त्याखाली तडे गेलेला बेसाल्ट. अशा खडकातून पाणी गाळून येत नाही, वाट सापडली की थेट येतं. सांडपाणी मुरवायचा शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब हवा हे खरंच, पण खडकातल्या भेगा टेप लावून जात नाहीत. म्हणून अंतर पाळा आणि पाणीही तपासा.

तपासणीला दोन वेगळे नमुने लागतात. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन चालतो. त्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्या. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा, आणि ती अजिबात विसळू नका. मोटर पाचेक मिनिटं चालू द्या, मग बुचाच्या आत बोट न लावता बाटली भरा. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, फार तर २४ तासांत. शनिवारी नमुना घेऊन उपयोग नाही, कारण जिवाणू वाढवून बघायलाच एक-दोन दिवस जातात आणि मध्ये सुट्टी येते. विहिरीत नुकतंच टीसीएल टाकलं असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत घरगुती नमुनेही फी घेऊन तपासतात. जाण्याआधी फोन करून बाटली आणि वार विचारून घ्या. घाईत अंदाज हवा असेल तर हायड्रोजन सल्फाइड चाचणीची छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून घरातल्या उबेला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जिवाणू आले असं समजायचं. काळं नाही पडलं म्हणून प्रयोगशाळेची तपासणी टाळू नका.

आरओ विकायला येणारा माणूस खिशातला टीडीएस मीटर ग्लासात बुडवून आकडा दाखवतो आणि घरची माणसं घाबरतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार. वाळवा-पलूसच्या क्षारपड पट्ट्यात तो जास्त असणारच. पाणी मचूळ लागेल, डाळ शिजायला वेळ लागेल. पण २०० टीडीएसच्या गोड पाण्यातही कॉलऱ्याचे जंतू असू शकतात आणि तो मीटर त्याबद्दल मुका आहे.

आता विहिरीभोवती एक चक्कर मारा. कठडा गुडघ्याएवढा तरी आहे का, की पावसाचं पाणी सरळ आत जातं? भोवतीची फरशी फुटून काठाशी डबकं झालंय का? बोअर असेल तर केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडातला पाइप, जमिनीच्या वर फूट-दीड फूट हवं, त्याला टोपी हवी आणि भोवती सिमेंटचा ओटा. आपल्याकडे बऱ्याच बोअरच्या तोंडाला गोणपाट गुंडाळलेलं दिसतं. ते उंदराला अडवत नाही, पाण्याला तर नाहीच. पंप हवा धरतो म्हणून सक्शनमध्ये शेणकाला ओतायची जुनी सवय आहे; पिण्याच्या विहिरीवर ती बंद करा आणि सक्शन पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह बदला. गणपती विसर्जन, पोळ्याला बैल धुणं, औषधाचा पंप विहिरीच्या काठावर धुणं, यातलं काहीच त्या विहिरीवर नको.

ठिबकवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. व्हेंचुरीनं, म्हणजे टाकीतलं खत ओढून ठिबकमध्ये सोडणाऱ्या नळीनं, खत सोडताना लाइट गेली की पाइपातलं पाणी उलटं बोअरमध्ये परततं, आणि जाताना टाकीतलं खत ओढून नेतं. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मोटर आणि व्हेंचुरीच्या मध्ये चांगला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवा. आहे म्हणता? मग तो खरंच धरतो का ते खोलून बघा. कचरा अडकून उघडाच राहिलेले एनआरव्ही काही कमी नाहीत. घराचा नळ त्याच बोअरवर असेल तर कीटकनाशक ठिबकमधून सोडूच नये, असं माझं मत.

टीसीएलचा हिशोब सोपा आहे. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला व्यासानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं आणि शेवटी २२ नं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर साधारण ८८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरलं तर ४४० ग्रॅम पावडर. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला जेमतेम साडेसहा लिटर पाणी असतं, तिथं मूठभर पावडर ओतणं म्हणजे अतिरेक. पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं. तळाचा चुना आत टाकला तर पाणी उगाच जड होतं. पोहऱ्यानं किंवा दोरीला बांधलेल्या बादलीनं पाणी वर-खाली करा. हे संध्याकाळी उरकलं की रात्रभर वेळ मिळतो. निदान तासभर तरी पाणी उपसू नका. मग ओटीचे थेंब टाकून नळाचं पाणी पिवळं होतं का बघा. नाही झालं तर पावडर जुनी आहे किंवा पाणी फार घाण आहे, पुन्हा टाका. पुडी उघडल्यावर नाकात झणका गेला नाही तर तो नुसता चुना समजा. ही पावडर युरिया, अमोनियम सल्फेट किंवा डिझेलच्या शेजारी ठेवू नका, विषारी वायू होतो किंवा पेट घेते. गप्पी मासे सोडलेत? क्लोरिननं ते जाणार, हेही धरून चाला.

कृष्णा-वारणेकाठच्या लोकांना महापुराचं नव्यानं काय सांगणार. सांगलीच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुराचं पाणी ज्या विहिरीत शिरलं ती नुसतं टीसीएल टाकून वापरात घ्यायची नसते. आधी उपसा, मग गाळ, मग कडा घासणं, मग टीसीएल, आणि सगळ्यात शेवटी तपासणी. तोवर टँकरचं किंवा उकळलेलं पाणी. मोटर आणि स्टार्टर बुडाले असतील तर इलेक्ट्रिशियननं बघेपर्यंत बटण दाबू नका. गाळ काढायला डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका; धूर तळाशी कोंडतो आणि माणूस वर येत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच.

राहिला नायट्रेट, आणि ऊसपट्ट्यानं याच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टीडीएसला दुसरा स्रोत नसेल तर ५०० वरून २००० पर्यंत सूट मिळते. नायट्रेटला अशी सूट नाही. रिपोर्टात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ असं लिहिलं असेल तर मर्यादा साधारण १० धरायची, ४५ नव्हे. धोका सर्वांत जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, तेही पावडरचं दूध या पाण्यात कालवून देत असाल तर. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर दिसू लागतात. असं दिसलं तर तडक दवाखाना. आणि अशा वेळी घरातली आजी जे करायला सांगेल, म्हणजे पाणी चांगलं खळखळून उकळ, तेच उलटं पडतं. उकळल्यानं जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेट अधिक दाट होतो. तुरटी, कँडल फिल्टर, यूव्ही, टीसीएल यांनी तो हलत नाही. आरओनं कमी होतो, मेंब्रेन धड असेल तर. बाळापुरतं दुसरीकडचं खात्रीचं पाणी आणणं स्वस्त पडतं.

हा नायट्रेट येतो कुठून? शेणखड्ड्यातून, शोषखड्ड्यातून आणि सरीतून. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी साडेतीनशे किलोच्या आसपास. लागणीला दहावा हिस्सा, दीड-दोन महिन्यांनी चाळीस टक्के, तीन-चार महिन्यांनी पुन्हा दहा आणि उरलेलं बांधणीला (उसाला मातीची भर लावताना), असे हप्ते आहेत. जुलै-ऑगस्टच्या लागणीला ‘पाऊस लागलाय तोवर टाकून घेऊ’ म्हणत दोन हप्ते एकदम टाकले, की उसाची मुळं घेतील तेवढं घेतात, बाकीचं पाण्याबरोबर विहिरीत. उघडीप बघून, मातीआड करून द्या, आणि घराच्या विहिरीभोवतीच्या सऱ्यांत हात आखडता ठेवा. तेवढ्या चार सऱ्यांत टनेज जरा कमी आलं तरी चालेल.

पहिला नमुना पहिले पाऊस पडून गेल्यावर लगेच. दुसरा ऑक्टोबरात, त्याच नळावरून आणि जमल्यास त्याच प्रयोगशाळेत. दोन्ही कागद पिकाच्या रिपोर्टाच्याच फाइलला लावा.