अपडेटनंतर पिकअप गेला? आधी मोजा, मग भांडा

"गाडी पूर्वीसारखी उचलत नाही." इलेक्ट्रिक गाडीला सॉफ्टवेअर अपडेट आल्यावर एवढंच वाक्य घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात तर पुढे काय होतं ते मला पाठ झालंय. गाडीला लॅपटॉप जोडतात, पडद्यावर एकही एरर नसतो, "मॅडम, सगळं ओके आहे" असं ऐकवतात, जॉब कार्डावर 'जनरल चेकअप' लिहितात आणि गाडी धुऊन परत देतात. धुतात छान, तेवढं मान्य.

मी गोव्यात साखळीला हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवते. माहेर बेळगावला, त्यामुळे चोर्ला घाट नेहमीचाच. माझे भाऊजी पेडण्याला असतात, मोपा विमानतळावर स्वतःची इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतात. आमच्या गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन्ही गाड्यांना पावसाच्या तोंडावर अपडेट आले आणि दोघांची तक्रार अगदी शब्दाला शब्द सारखी होती: चढावर कदंबच्या बसला ओव्हरटेक करताना आता विचार करावा लागतो. मोजल्यावर मात्र कारणं पूर्ण वेगळी निघाली. माझ्या गाडीची ताकद जशीच्या तशी होती. त्यांच्या गाडीची खरोखर कमी केली होती. नुसत्या 'वाटण्या'वरून हा फरक कधीच कळला नसता.

ताकद ठरवतं कोण

पेट्रोलच्या गाडीची सवय असल्यामुळे आपल्याला वाटतं की पेडल दाबलं म्हणजे ताकद मिळालीच पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीत पेडल म्हणजे फक्त अर्ज. तो मंजूर किती करायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं: बॅटरीत चार्ज किती, तापमान किती, बॅटरीतल्या शेकडो छोट्या सेलपैकी सगळ्यात कमजोर सेलचा व्होल्टेज किती, चाक घसरतंय का, मोड कुठला. मोटर तीच, बॅटरी तीच, पण मधला आकडा बदलला की गाडी बदलते. २०२२ मध्ये मर्सिडीजने अमेरिकेत आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांचं ॲक्सलरेशन वाढवून देण्यासाठी वर्षाला १,२०० डॉलर लावले होते. गाडीत नवा एकही भाग बसवायचा नव्हता. जो आकडा पैसे घेऊन वर नेता येतो, तो खालीही आणता येतो.

आणलेलाही आहे. २०१९ मध्ये टेस्लाने काही मॉडेल एस गाड्यांच्या बॅटरीचा कमाल व्होल्टेज अपडेटमधून कमी केला. मालक अमेरिकेतल्या न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड झाली, १,७४३ गाड्यांसाठी, गाडीमागे ६२५ डॉलर. तो वाद मुख्यतः रेंज आणि चार्जिंगचा होता, पण मुद्दा तोच: विकल्यानंतर गाडीचे गुण बदलले, आणि मालकांकडे आधीचे आकडे होते.

आधी साधी कारणं वगळा

गोव्यात जूनमध्ये अपडेट आला असेल तर पहिला संशय पावसावर घ्या. ओल्या रस्त्यावर, त्यातही डिचोलीकडे खाणीच्या ट्रकांनी पसरलेल्या लाल चिखलावर, चाक किंचित घसरलं की ट्रॅक्शन कंट्रोल लगेच ताकद कापतं. हे डोळ्याला दिसत नाही. डॅशबोर्डावरचा घसरत्या गाडीचा छोटा दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर गाडी बरोबर वागतेय.

मग मोड. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि मूळपद म्हणजे बहुतेकदा इको किंवा सिटी. रीजनची (पाय उचलल्यावर मोटर गाडी आवरून बॅटरी भरते, त्याची) पातळी बदलली असेल तर पाय उचलताच गाडी जास्त आवरते आणि एकूणच जड वाटते. टायरची हवा तपासा, ती थंड टायरमध्ये. आणि चार्ज: २० टक्क्यांच्या खाली कित्येक गाड्या ताकद आवरतात, तिथली तुलना कामाची नाही.

मोजायचं कसं

शून्य ते शंभर विसरा. सार्वजनिक रस्त्यावर ते धोक्याचं आहे आणि सुरुवातीच्या घसरणीमुळे आकडाही भरवशाचा येत नाही. ३० ते ७० घ्या. वेगमर्यादा परवानगी देते असा सपाट, सरळ, कोरडा रस्ता, रविवारची सकाळ, पुढेमागे कोणी नाही. शेजारी बसलेल्या माणसाने फोनवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढायचा. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. ३० च्या थोडं खाली स्थिर वेग ठेवा, मग पेडल पूर्ण तळाला, ७० दिसले की सोडा. वेळ घरी येऊन व्हिडिओतून काढा. स्टॉपवॉचच्या बोटापेक्षा व्हिडिओची फ्रेम कितीतरी प्रामाणिक असते.

त्याच रस्त्यावर उलट दिशेनेही करा आणि सरासरी घ्या, म्हणजे वारा आणि न दिसणारा उतार कटतो. एसी बंद, माणसं तेवढीच, मोड तोच, चार्ज ५० ते ७० टक्क्यांच्या मधे; तक्रार कमी चार्जलाच जाणवत असेल तर तेवढ्याच चार्जलाही. दरवेळी या अटी त्याच हव्यात, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

आता थोडं गणित, कारण किती फरक म्हणजे फरक हे कळायला हवं. माणसांसकट १,७५० किलोची गाडी ३० वरून ७० वर न्यायला साधारण २७० किलोज्यूल ऊर्जा लागते. चाकाशी १०० किलोवॅट मिळाले तर हवेचा विरोध सोडून २.७ सेकंद, ८० किलोवॅट मिळाले तर ३.४. म्हणजे ताकद २० टक्के घटली तर वेळ २५ टक्के वाढतो. पाव सेकंदाच्या आतला फरक मोजमापाची चूक धरा. अर्ध्या सेकंदाच्या वर गेलात आणि तो पुन्हा पुन्हा तसाच आला, तर काहीतरी आहे.

पेडल पूर्ण तळाला नेऊन काढलेला वेळ जुन्याइतकाच आला, तर गाडीची ताकद गेलेली नाही, पेडलची वागणूक बदलली आहे. अर्ध्या पेडलला पूर्वी जेवढं मिळायचं त्यापेक्षा आता कमी मिळतं, म्हणून पाय आणखी खाली न्यायचा. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. चिडण्यासारखं आहेच, कारण सांगितलं कोणी नाही, पण इलाज फक्त पायाला नवी सवय लावणं किंवा मोड बदलणं एवढाच. पूर्ण पेडललाही वेळ वाढला असेल, तर मर्यादाच खाली आणली आहे. मग पुढचं वाचा.

अपडेटच्या आधीचे आकडे नसतील तर तुमच्याच मॉडेलची, त्याच बॅटरीची आणि सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवरची गाडी शोधा. शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी कित्येकदा मागच्याच आवृत्तीवर असते. सेटिंगमध्ये जाऊन आवृत्ती बघितली तर कोणी अडवत नाही.

बॅटरी काय म्हणते

ओबीडी पोर्टात (गाडी तपासायला लॅपटॉप जोडतात त्या सॉकेटमध्ये) बसणारा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि तुमचं मॉडेल ओळखणारं ॲप असलं की बॅटरीचा व्होल्टेज, करंट, तापमान आणि सर्वांत वरच्या-खालच्या सेलचा व्होल्टेज दिसतो. पेडल तळाला असताना ३५० व्होल्ट आणि २८० अँपिअर दिसले तर गुणाकार ९८ किलोवॅट. हा आकडा ब्रोशरमधल्या ताकदीशी ताडून बघा. थोडा फरक मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) खातात. फक्त वाचा, ॲपमधून काहीही बदलू नका आणि काम झालं की डोंगल काढा. तो लावून ठेवला तर १२ व्होल्टची बॅटरी हळूहळू उतरते.

भाऊजींच्या गाडीत ५० टक्के चार्जला सगळं ठीक होतं. ४० च्या खाली गेलं की करंट एकदम आखडायचा, आणि सेलमधला फरक मोठा दिसत होता. त्यांची गाडी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीची. या प्रकारात चार्जच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे आपल्यात नक्की किती शिल्लक आहे हे गाडीला अधूनमधून शंभर टक्के भरल्याशिवाय नीट कळत नाही. भाऊजी विमानतळाच्या दोन फेऱ्यांमध्ये फास्ट चार्जरवर ८० टक्के करून निघणारे. घरी रात्रभर हळू चार्जिंगने शंभर टक्के भरून, भरल्यावरही प्लग तसाच ठेवून सेल सारखे होऊ दिले, तेव्हा बरीचशी ताकद परत आली. सगळी नाही.

उरलेल्या फरकासाठी तक्रार होती.

जॉब कार्डावर काय लिहायचं

'पिकअप कमी' हे शब्द लिहू देऊ नका. लिहायचं असं: "अमुक आवृत्तीवरून तमुक आवृत्तीवर गेल्यापासून, ३५ टक्के चार्जला, स्पोर्ट मोडमध्ये, ३० ते ७० चा वेळ इतक्यावरून इतका झाला." सोबत दोन्ही आवृत्त्यांचे फोटो, किलोमीटर, तारीख, व्हिडिओ. मग तीन प्रश्न ईमेलने कंपनीला, सर्व्हिस सेंटरला नव्हे. काउंटरवरच्या मुलाला खरंच माहीत नसतं, त्याच्यावर आवाज चढवून उपयोग नाही. एक, या अपडेटमध्ये बॅटरीच्या डिस्चार्जची (वीज देण्याची) किंवा टॉर्कची (मोटरच्या फिरवण्याच्या जोराची) मर्यादा बदलली का? दोन, माझ्या गाडीवर आत्ता काही मर्यादा लागू आहे का, आणि ती तात्पुरती की कायमची? तीन, कायमची असेल तर कारण काय?

तिसरा प्रश्न वाकड्या हेतूचा नाही. सुरक्षेसाठी मर्यादा घालणं योग्य असू शकतं. एखाद्या सेलमध्ये खोट निघाली तर आग लागण्यापेक्षा हळू जाणं मला चालेल. पण मग ते सांगा, आणि बॅटरी वॉरंटीत बदलायची का त्यावरही बोला. भाऊजींना बऱ्याच पाठपुराव्यानंतर उत्तर आलं की कमी चार्जला मर्यादा "बॅटरीच्या आयुष्यासाठी" खाली आणली आहे. म्हणजे तोवर ऐकलेलं "सगळं ओके" आता टिकत नव्हतं.

पुढची पायरी

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथून तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर जाते आणि फुकट जाते. तेवढ्याने भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच. कंपनीचं ऑफिस पुण्यात असो की चेन्नईत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून अपडेटच्या तारखेचा फोटो सांभाळा. फी ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, त्यावर ५० लाखांपर्यंत १,०००. खरेदीच्या वेळचं ब्रोशर जोडा. कंपनीच्या साइटवरचं ब्रोशर बदलत राहतं, तुमचं जुनं पीडीएफ बदलत नाही.

टॅक्सीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. व्यापारी कामासाठी घेतलेल्या गाडीचा मालक या कायद्यात 'ग्राहक' धरत नाहीत, आणि कंपनीचा वकील पहिला हाच आक्षेप घेईल. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी त्यातून सुटते. त्यामुळे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की गाडी मी स्वतः चालवतो आणि घर याच्यावर चालतं, आणि सोबत बॅज, परमिट नि लायसन्सची प्रत जोडा. चार गाड्या ड्रायव्हर ठेवून चालवणाऱ्याला ही सवलत मिळणं अवघड. भाऊजींच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. त्यांची गाडी ते गणेश चवथीच्या दिवसांतसुद्धा दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत.