पऱ्हाटीच्या तासांत ट्रॅक्टर बसवायचा तर: चाकांमधलं अंतर वाढवण्याची रीत

डवरणीला, म्हणजे उभ्या पिकातल्या कोळपणीला, ट्रॅक्टर घातला आणि एका बाजूची पऱ्हाटी (कपाशी) चाकाखाली गेली, की बोलणी ड्रायव्हरला बसतात. पण नांगरटीसाठी लावलेलं चाकांचं अंतर तसंच ठेवून ट्रॅक्टर उभ्या पिकात नेला, तर कितीही सराईत माणूस स्टिअरिंगवर बसवा, पीक तुडवलं जाणारच. मग कोणीतरी सांगतं, वेल्डिंगवाल्याकडून स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब आणि चाकामध्ये बसवायचा लोखंडी तुकडा, करून घे. थोडं थांबा. ३५ ते ५० एचपीच्या साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरांत हे अंतर बदलायची सोय बहुधा कंपनीनेच दिलेली असते. तिला पाने, जॅक, दोन माणसं आणि अर्धा दिवस एवढंच लागतं. स्पेसरचा विचार ती सोय संपल्यावर.

आधी वावरात टेप धरा

तासांमधलं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं, अंतर अंदाजाने धरू नका. पहिल्या तासापासून अकराव्या तासापर्यंत मोजा आणि १० ने भागा. पेरणीच्या दोन फेऱ्यांमधला सांधा मात्र वेगळा मोजा. तिथे ८-१० सेंमीचा फरक हमखास निघतो, आणि चाक नेमकं तिथेच झाडावर चढतं.

हिशेब सोपा आहे. पोटाखाली किती तास घ्यायचे ती संख्या गुणिले दोन तासांमधलं अंतर, म्हणजे एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. तीन फुटांवरच्या, म्हणजे ९० सेंमीच्या कपाशीत दोन तास पोटाखाली घेतले की १८० सेंमी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सघन लागवडीत ९० बाय १५ सेंमी अंतर असतं. झाडं दाट असली तरी तास ९० वरच, त्यामुळे हाच आकडा तिथेही चालतो. चार फुटांच्या कपाशीत एकच तास पोटाखाली जातो: १२० सेंमी. ४५ सेंमीच्या सोयाबीनचे चार तास घेतले तर पुन्हा १८०.

आता टायरची रुंदी बघा. १३.६-२८ चा टायर साधारण ३४.५ सेंमी रुंद असतो. ९० च्या पट्ट्यात दोन्हीकडे २७-२८ सेंमी मोकळी राहते, ते पुरेसं आहे. ४५ च्या सोयाबीनमध्ये दोन्हीकडे जेमतेम ५ सेंमी उरतात. तिथे अंतर कितीही अचूक लावा, उपयोग नाही. अरुंद टायर लावा, नाहीतर बैलजोडीचा डवरा बरा.

सध्याचं अंतर मोजायची एक युक्ती: डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत टेप लावा. दोन्ही टायर एकाच मापाचे असतील तर हेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. टायरचा मध्य शोधत बसावं लागत नाही.

मागची चाकं

मागच्या चाकाचे दोन भाग असतात. मधली डिस्क हबला, म्हणजे अॅक्सलच्या टोकाला, बोल्टांनी बसते आणि बाहेरची रिम आपल्या कानांवर, म्हणजे लगवर, डिस्कला बोल्टांनी बसते. डिस्क सपाट नसते, बशीसारखी एका बाजूला खोलगट असते. ती उलटवता येते, रिम डिस्कच्या आतून किंवा बाहेरून लावता येते, आणि रिमही पालटता येते. या तीन गोष्टींच्या जुळणीतून आठ जागा तयार होतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्या ४८ इंचांपासून ७६ इंचांपर्यंत ४-४ इंचांच्या टप्प्याने असतात. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत त्यांची चित्रं दिलेली असतात, ती आधी काढून ठेवा. १८० सेंमीला जवळची जागा ७२ इंचांची, म्हणजे १८३ सेंमी. एका बाजूला दीड सेंमीचा फरक पडतो, तो पिकाला जाणवत नाही.

काम काँक्रीटवर किंवा टणक अंगणात करा. काळ्या जमिनीत, त्यातून पावसानंतर, जॅक हळूहळू खचतो आणि ट्रॅक्टर कलेपर्यंत ते लक्षात येत नाही. दुसरी जागाच नसेल तर जॅकखाली दीड फूट चौरस, दोन इंच जाडीची बाभळीची फळी घाला.

पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून गोटे किंवा ठोकळे लावा. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो. तो आणि चासी यांच्यामध्ये दोन्हीकडे लाकडी पाचर ठोका. ही पाचर बहुतेक जण विसरतात, आणि मागचं चाक उचललं की ट्रॅक्टर पुढून झुकतो. हबचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक अॅक्सलच्या नळकांड्याखाली लावा, ड्रॉबार किंवा लिफ्टच्या दांड्यांखाली नव्हे. चाक दोन बोटं उचललं की अॅक्सलखाली लाकडांची चौकट रचा आणि ट्रॅक्टर तिच्यावर टेकवा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. सील गेलं तर तो सांगून बसत नाही.

टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर एका चाकात पाण्याचंच वजन दीड-दोनशे किलो असू शकतं. असं चाक दोघांनीही उचलायला जाऊ नका. खाली जुना पत्रा टाका, त्यावर ग्रीस फासा आणि चाक उभंच ठेवून सरकवा. लोखंडी वजनं लावलेली असतील तर ती आधी उतरवा. एका वेळी एकच चाक काढा. रिम पालटून डावं चाक उजवीकडे न्यायचं असेल तरच दोन्ही बाजू एकदम उचलाव्या लागतात. मग लाकडांच्या चौकटीही दोन हव्यात.

जुळणी करताना टायरच्या नक्षीची दिशा बघा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहिलं की नक्षी घराच्या छपरासारखी दिसली पाहिजे, टोक वर. टोक खाली दिसत असेल तर चाकं अदलाबदल झालेली आहेत. गाळात ती माती बाहेर फेकण्याऐवजी स्वतःच्या नक्षीत कोंबतील. रिम पालटली की चाकाची बाजूही बदलावी लागते, ती यामुळेच.

बोल्ट लावण्यापूर्वी डिस्क, हब आणि लग यांच्या बसण्याच्या जागेवरचा गंज, चिखल आणि सुटा रंग वायर ब्रशने साफ करा. बोल्ट नंतर ढिले होण्याचं मुख्य कारण हेच: आज मधला रंग आवळला जातो, दहा तास काम केल्यावर तो पिचतो आणि तेवढीच फट पडते. नट समोरासमोरचे आवळा, एकामागोमाग गोल फिरत नाही. पुस्तिकेत टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते माप, दिलेला असतो; टॉर्क पाना ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये मिळेल. पान्याला लांब पाइप अडकवून अंगाचा जोर लावला की नट घट्ट होतो खरा, पण स्टडचे आटे ताणले जातात.

पुढची चाकं

पुढची चाकं मागच्या चाकांच्याच पट्ट्यातून चालली पाहिजेत. टेलिस्कोपिक अॅक्सलमध्ये दोन्हीकडचे बोल्ट काढून आतला भाग बाहेर ओढायचा. छिद्रं साधारण ५ सेंमीवर असतात, म्हणजे दोन्हीकडे एक-एक छिद्र सरकवलं की एकूण १० सेंमी वाढतात. त्याच प्रमाणात टाय रॉडही, म्हणजे पुढची चाकं स्टिअरिंगला जोडणारा दांडा, दोन्हीकडे सारखा लांबवा. एकीकडेच लांबवला तर स्टिअरिंग सरळ असताना चाकं तिरपी राहतील.

शेवटी टो-इन मोजा. चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांपेक्षा किंचित कमी हवं. बऱ्याच ट्रॅक्टरांत ते ३ ते ५ मिमी असतं, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. दोन्ही मापं चाकाच्या मध्याच्या उंचीवर घ्या. हे बिघडलं तर पुढचे टायर एका कडेने झिजतात आणि ट्रॅक्टर सारखा ओढल्यासारखा चालतो.

स्पेसर लावायचाच असेल तर

मिनी ट्रॅक्टरला चार फुटांच्या कपाशीत न्यायचं असतं आणि त्याच्या रिमच्या जागा तिथवर पोचत नाहीत. तेव्हा स्पेसरशिवाय इलाज नसतो. पण तो काय करतो ते समजून घ्या. समजा बाहेरच्या बेअरिंगपासून चाकाच्या मध्यापर्यंत १५ सेंमी आहेत आणि तुम्ही १० सेंमीचा स्पेसर लावला. अॅक्सल वाकवणारा जोर १५ चा २५ झाला, जवळपास पावणेदोन पट. म्हणून जाडी गरजेपुरतीच घ्या, आणि स्पेसर लावलेल्या ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली जोडू नका.

पाइपाच्या दोन्ही टोकांना प्लेट वेल्ड करून स्पेसर बनवतात. १६ मिमीपेक्षा पातळ प्लेट नको. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट वाकडी होते, म्हणून वेल्डिंग झाल्यानंतर दोन्ही तोंडं लेथवर सपाट करून घ्या; आधी केलेलं लेथकाम वाया जातं. हबच्या मधल्या उंचवट्यावर स्पेसर अचूक बसला पाहिजे, नाहीतर सगळा भार बोल्टांवर येतो. बोल्ट हाय टेन्साइल, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेले घ्या. नटाच्या आत आटे निदान बोल्टच्या व्यासाइतके गेले पाहिजेत: १६ मिमीचा बोल्ट, तर १६ मिमी. दोन स्पेसर एकावर एक, किंवा वायसरांची थप्पी, हे प्रकार करूच नका.

चाक चढवल्यावर ते अधांतरी फिरवा आणि रिमच्या कडेजवळ तार धरा. कड तारेपासून ठळकपणे दूर-जवळ होत असेल तर स्पेसर परत लेथवर.

कामाला लावल्यावर

पहिल्या तासाभराने सगळे नट पुन्हा आवळा, मग दहा तासांनी परत. अंतर वाढलं की मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक चिखल थेट ड्रायव्हरच्या अंगावर उडवतं, त्याची तयारी ठेवा. धुऱ्यावर वळायलाही जास्त जागा लागते. कडेचे तास तुडवायचे नसतील तर तिथे एक पट्टा मोकळा सोडा. पांदणीतून जाताना एकूण रुंदी लक्षात असू द्या: १८३ अधिक टायरचे ३४.५, म्हणजे सव्वादोन मीटरला थोडंच कमी. पाच फुटी रोटाव्हेटर एवढी रुंदी झाकत नाही, त्याच्या दोन्हीकडे चाकोऱ्या तशाच राहतात. पलटी नांगरही या अंतरावर एका बाजूला ओढतो. त्यामुळे शेवटची वेचणी झाली की नांगरटीआधी चाकं पुन्हा आत घ्या. काढलेले वायसर आणि नट तोवर डब्यात तेल लावून ठेवलेले असले तर बरं.